उघडता येणारं इंजिन

खेळण्यांचा इतिहास आपण फारसा लिहीत नाही. राजांचा लिहितो, लढायांचा लिहितो, फार तर किल्ल्यांचा आणि नाण्यांचा. खेळणं मोडलं की ते माळ्यावर जातं, माळ्यावरून भंगारवाल्याकडे जातं आणि तिथे त्याचा इतिहास संपतो. पण काही खेळण्यांच्या पोटात त्यांच्या काळातलं विज्ञान, व्यापार आणि कितीतरी अनोळखी माणसांची मेहनत भरलेली असते. विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी ही त्यांपैकी एक. आज मला तिच्याविषयी, आणि त्यातही तिच्या इंजिनात बसवलेल्या अंगठ्याएवढ्या मोटारीविषयी बोलायचं आहे. ही मोटार कशी जन्मली, कशी चालते, कशानं आजारी पडते आणि साठ-सत्तर वर्षांनंतर तिला पुन्हा चालती करणारी माणसं नेमकं काय करतात, ते पाहू या.

मी कवितेचा माणूस. बी.ए. केलं तेही मराठी वाङ्मय घेऊन. तेव्हा मोटारीशी तुमचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. उत्तर ओघात येईल. सुरुवात मात्र एका लोहारापासून करायला हवी.

लोहाराची आगगाडी

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रँडन नावाचं गाव आहे. तिथे थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार राहायचा. शाळेत फार शिकलेला नव्हता. जवळच्या न्यूयॉर्क राज्यात क्राउन पॉइंटला लोखंडाचा कारखाना होता आणि त्या कारखान्यात एक विद्युतचुंबक आहे, वीज सोडली की तो जड लोखंड उचलून धरतो, असं त्याच्या कानावर आलं. १८३३ मध्ये त्यानं पैसे उभे करून तो चुंबक विकत घेतला आणि घरी आणून सरळ उकलायला घेतला. तो वेढे सोडवत होता आणि त्याची बायको एमिली तार कशी गुंडाळली आहे ते टिपून घेत होती. मग त्यांनी तसाच दुसरा चुंबक स्वतः बनवला. तारेवर तार घासून वीज भलतीकडे जाऊ नये म्हणून मध्ये काहीतरी घालायला हवं होतं. त्यासाठी एमिलीनं आपल्या लग्नातल्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या फाडून दिल्या, असं सांगतात.

त्या चुंबकांपासून डेव्हनपोर्टनं फिरणारी मोटार बनवली आणि १८३५ मध्ये गोल रुळांवर विजेनं धावणारी एक छोटीशी गाडी लोकांना दाखवली. पेटंटसाठी पाठवलेला त्याचा पहिला नमुना डिसेंबर १८३६ मध्ये पेटंट कचेरीला लागलेल्या आगीत जळाला. त्यानं पुन्हा नमुना तयार केला. २५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्याला पेटंट मिळालं. विजेच्या मोटारीला अमेरिकेनं दिलेलं ते पहिलं पेटंट. पण तेव्हा वीज मिळायची ती बॅटरीतून, आणि बॅटरीत खर्ची पडणारं जस्त फार महाग होतं. त्याची मोटार कुणी घेतली नाही. १८५१ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, तो गरिबीत वारला.

म्हणजे विजेवर धावणारी मोठी आगगाडी जगात यायच्या कितीतरी आधी तिची चिमुकली आवृत्ती धावली होती. आणि ती जन्मली कशातून? दुसऱ्यानं गुंडाळलेली तार उकलून, मोजून, टिपून घेण्यातून.

इथे मला आमच्या मामूंची आठवण येते. तालुक्याच्या गावी त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीची मोटार, लग्नाच्या मोसमात जळालेले पंखे, सगळं त्यांच्याकडे यायचं. शाळेच्या सुट्टीत अम्मी मला तिकडे पाठवायची. जळालेल्या वार्निशचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. मामूंकडे एक जाडजूड वही होती. मोटार उघडली की तार किती गेजची, एका खाचेत वेढे किती, कुठून कुठे गेले, हे सगळं आधी त्या वहीत उतरायचं. त्यानंतरच छिन्नीला हात. नव्या पोरानं घाई केली की मामू ओरडायचे, ‘पैले गिन, फिर तोड!’ मामूंनी डेव्हनपोर्टचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्या लोहाराच्या घरात रात्री दिव्याखाली जे चाललं होतं, ते त्यांना एका क्षणात कळलं असतं.

दुकानाच्या काचेतून घरात

डेव्हनपोर्टनंतर साठेक वर्षांनी घराघरांत वीज येऊ लागली आणि खेळण्यातल्या विजेच्या गाडीला बरे दिवस आले. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या कार्लाइल आणि फिंच या कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गाड्या विकायला सुरुवात केली. १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कोवेन या तरुणानं आपली कंपनी काढली. त्यानं विजेच्या पंख्यासाठी केलेली एक लहान मोटार एका उघड्या डब्याखाली बसवली आणि तो डबा दुकानाच्या काचेमागे गोल रुळांवर फिरता ठेवला. डब्यात विकायचा माल मांडावा, गिऱ्हाइकाचं लक्ष जावं, एवढाच हेतू. पण लोक डब्यातला माल सोडून डबाच मागू लागले, अशी गोष्ट सांगितली जाते. लायोनेल हे नाव पुढे अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाडीचं दुसरं नाव झालं.

या धंद्यात मोटारीच्या एका लहानशा भागासाठी कंपन्या घेतल्या गेल्या आहेत. लायोनेलच्या मोटारीत कायमचं चुंबक नव्हतं, तिथेही तारेचं वेटोळंच होतं. अशा मोटारीला वीज उलट दिली तरी ती उलट फिरत नाही, कारण वेटोळं आणि आर्मेचर दोन्ही एकाच वेळी उलटतात. मग गाडी मागे न्यायची कशी? आइव्हज नावाच्या जुन्या अमेरिकन कंपनीनं यावर उपाय शोधला होता. वीज क्षणभर तोडून पुन्हा दिली की इंजिनातला एक छोटा यांत्रिक खटका पुढचा दात पकडायचा आणि गाडी दिशा बदलायची. १९२८ मध्ये आइव्हजचं दिवाळं निघालं, तेव्हा लायोनेलनं एका स्पर्धक कंपनीच्या जोडीनं ती विकत घेतली. त्या खरेदीमागे हा खटका हे मोठं कारण होतं.

जर्मनीत ग्योपिंगन गावची मेर्कलिन कंपनी १८५९ पासून खेळणी बनवत होती. लहान रुळांवरच्या त्यांच्या गाड्या १९३५ मध्ये आल्या. त्यांची मोटारही बिनचुंबकाची. दिशा बदलण्यासाठी त्यांनी वेगळी युक्ती केली, विजेचा एक जोरदार झटका द्यायचा. लायोनेल काय नि मेर्कलिन काय, या मोटारींना चुंबक म्हातारं होण्याची भीती नाही. म्हणूनच त्या वेळची कित्येक इंजिनं नुसत्या साफसफाईनं आजही चालू होतात.

लिव्हरपूलची गोष्ट

आपल्याकडे मागच्या पिढीतल्या सधन घरांत जी गाडी पोचली ती बहुधा इंग्लंडची, हॉर्नबी नावाची. फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलचा. १९०१ मध्ये त्यानं भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेलं. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर १९१४ मध्ये त्याचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९२० मध्ये तिथून चावीच्या आगगाड्या बाहेर पडू लागल्या.

१९२५ मध्ये हॉर्नबीची पहिली विजेची गाडी आली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या इंजिनाची ती नक्कल. योगायोग पाहा, त्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, आपल्या मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली. मुंबईच्या रेल्वेनं विजेचा दाब ठेवला १५०० व्होल्ट. हॉर्नबीच्या खेळण्यानं घरातल्या दिव्याचीच वीज, मध्ये एक दिवा घालून, थेट रुळांपर्यंत आणली होती. लहान मुलांच्या हाताशी घरातली वीज! अशी व्यवस्था टिकणं शक्यच नव्हतं. लवकरच कमी दाबाच्या मोटारी आल्या.

१९३८ मध्ये हॉर्नबी-डब्लो आली. फ्रँक हॉर्नबी ती पाहायला नव्हता, तो १९३६ मध्येच वारला होता. ‘डबल ओ’ या मापावरून डब्लो हे नाव पडलं. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, मध्ये वीज देणारा तिसरा रूळ आणि मोटार १२ व्होल्टची. जेवणाच्या टेबलावर मावेल अशी ही गाडी मध्यमवर्गीय घरासाठी केलेली होती. पाठोपाठ महायुद्ध आलं, खेळणी बंद झाली, कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला. युद्धानंतर गाडी परतली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तिनं गाजवली.

तीन पाकळ्यांचं यंत्र

ही डब्लोची मोटार उघडली की चार गोष्टी दिसतात. एक कायमचं चुंबक. त्याच्या दोन टोकांमध्ये फिरणारं आर्मेचर, म्हणजे लोखंडाच्या पातळ चकत्यांचा तीन पाकळ्यांचा गाभा, आणि प्रत्येक पाकळीवर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. आर्मेचरच्या दांड्यावर एका टोकाला तांब्याच्या तीन तुकड्यांचा कम्युटेटर. आणि त्या कम्युटेटरवर स्प्रिंगनं दाबून धरलेले दोन कार्बन.

कार्बनमधून वीज कम्युटेटरच्या तुकड्यात जाते, तिथून वेढ्यात जाते, पाकळीचं चुंबक होतं आणि कायमचं चुंबक तिला ओढून घेतं. पाकळी ओढली जाऊन जागेवर पोचते न पोचते तोच कार्बन पुढच्या तुकड्यावर गेलेला असतो, विजेची दिशा पालटते आणि तीच पाकळी आता ढकलली जाते. असं मिनिटाला हजारो वेळा. पाकळ्या तीनच का? दोन असत्या तर मोटार कधीतरी अशा जागी थांबली असती की तिथून तिला आपली आपण सुटताच आलं नसतं. तीन पाकळ्या असल्या की कुठेही थांबली तरी एक पाकळी निघण्याच्या तयारीत असतेच.

या मोटारीचं सर्वात मोठं वैशिष्ट्य म्हणजे ती उघडता येते. स्क्रू दिसतात, कार्बन बाहेर काढता येतात, तेल कुठे घालायचं ते सोबतच्या पत्रकात छापलेलं असायचं. बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं की ही झिजेल, आणि झिजली की कुणीतरी ती उघडेल.

आजार आणि इलाज

असंच एक हॉर्नबी-डब्लोचं छोटं टँक इंजिन मला मुंबईच्या चोरबाजारात मिळालं. चाकं जाम, रंग उडालेला. मामू तोवर वारले होते, दुकान त्यांचा मुलगा चालवत होता. त्याच्या टेबलावर विहिरीच्या पंपाची मोटार बाजूला सारून आम्ही ते इंजिन ठेवलं. पुढचे दोन रविवार मी त्याच्या शेजारी बसून जे पाहिलं, त्यावरून आणि नंतरच्या वाचनावरून या मोटारींच्या आजारांची यादी सांगतो.

पहिला आजार तेलाचा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल वाळून राळेसारखं चिकट होतं आणि दांडा धरून ठेवतं. अशा मोटारीला वीज द्यायची नाही, कारण न फिरणारी मोटार वीज खाते, तापते आणि जळते. आधी हातानं चाक हलकेच फिरवून पाहायचं, जुनं तेल स्पिरिटनं काढायचं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. एकच. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं आणि दुसरा आजार सुरू होतो.

दुसरा आजार कम्युटेटरचा. कार्बनची भुकटी तेलात मिसळून तांब्याच्या तीन तुकड्यांमधल्या फटींत बसते आणि वीज वेढ्यात न जाता आडमार्गानं निघून जाते. दात कोरायच्या लाकडी काडीनं त्या फटी साफ करायच्या. खरखरीत काचकागद लावायचा नाही, त्यानं तांब्यावर ओरखडे पडतात आणि ओरखडे कार्बनला खातात. कार्बन झिजून आखूड झाले असतील तर नवे घालायचे, स्प्रिंग तापून नरम पडली असेल तर तीही बदलायची.

तिसरा आजार चुंबकाचा, आणि तो सगळ्यात फसवा. जुनी चुंबकं काळानं मऊ पडतात. आपल्याला वाटेल, चुंबक मंदावलं तर मोटार नुसती हळू चालेल. तसं होत नाही. फिरताना मोटार स्वतःच विजेला उलटा दाब देत असते. चुंबक क्षीण झालं की हा उलटा दाब घटतो, मोटार जास्त वीज ओढते, जोर कमी देते आणि तापते. १९३१ मध्ये जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी ॲल्युमिनियम आणि निकेल घातलेल्या लोखंडाचं नवं चुंबक शोधलं. त्याच कुळातल्या अल्निको चुंबकांमुळे खेळण्यातल्या मोटारी लहान आणि जोरकस झाल्या. पण अल्निकोचाही एक स्वभाव आहे. त्याच्या दोन टोकांमधलं लोखंड काढून घेतलं की त्याचा जोर उतरतो. म्हणून जाणकार माणूस आर्मेचर बाहेर काढण्याआधी चुंबकाच्या टोकांवर पोलादाची पट्टी ठेवतो. जोर उतरलाच असेल तर मोठ्या वेटोळ्यातून विजेचा क्षणभराचा जबर झोत देऊन त्या चुंबकात पुन्हा जीव भरता येतो.

चौथा आजार वाइंडिंगचा. आमच्या इंजिनाला हाच होता. मल्टिमीटरनं कम्युटेटरच्या तुकड्यांच्या तीन जोड्या मोजायच्या, तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. आमचे आले नाहीत, एक वेढा तुटलेला होता. मामूंच्या मुलानं भिंग लावलं, तारेचं टोक सोडवलं आणि दुसरी कुठली गोष्ट करण्याआधी वही उघडली. एकेक वेढा सोडवत तो मोजत होता आणि मी आकडे लिहीत होतो. मध्येच तो थांबून म्हणाला, ‘भाईजान, ज्यानं हे गुंडाळलं त्याचा हात सफाईचा होता. एकावर एक वेढा चढलेला नाही.’

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बिन्स रोडच्या कारखान्यात शेकडो बायका कामाला होत्या. त्या दिवशी टेबलावर आलेले वेढे त्यांच्यापैकी कुणाचे, की आणखी कुणाचे, हे कुठल्याच नोंदीत सापडणार नाही. पण तो हात सफाईचा होता एवढं कित्येक वर्षांनी हजारो मैलांवर एका वाइंडिंगवाल्याला कळलं. माणसाचं नाव पुसलं गेलं तरी हात उरतो, आणि तो वाचता येतो, वाचणारा त्याच धंद्यातला असला म्हणजे.

पाचव्या आजाराला मात्र औषध नाही. जुन्या इंजिनांची चाकं आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. त्या जस्तात शिशाचा अगदी थोडा अंश गेला, तरी कालांतरानं धातू आतून कुजू लागतो. फुगतो, भेगा पडतात, शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. दमट हवेत हे अधिक लवकर होतं. अमेरिकेतल्या एका कंपनीनं १९२९ च्या सुमाराला अत्यंत शुद्ध जस्ताचा मिश्रधातू बाजारात आणला, पण कारखान्यांत शुद्धता पाळली जाईपर्यंत बराच काळ गेला. म्हणून युद्धापूर्वीच्या कित्येक इंजिनांच्या मोटारी ठणठणीत आणि चाकं मात्र भुसभुशीत, असं दृश्य दिसतं. तिथे नवी चाकं ओतून घालण्याशिवाय मार्ग उरत नाही.

दुरुस्ती की जीर्णोद्धार?

इथून एक वाद सुरू होतो. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. ‘दुरुस्त’ फारसीतून आला, म्हणजे नीट, ठीकठाक. ‘जीर्णोद्धार’ संस्कृतातला, म्हणजे जुन्याला वर काढणं. जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपल्याकडच्या कितीतरी जुन्या दगडी देवळांवर ऑइलपेंट चढला आणि खालची कोरीव नक्षी बुजली. जुन्या इंजिनांचंही तसंच होतं. कुणी ते नव्यासारखं रंगवतं. कुणी जुनं चुंबक फेकून देऊन निओडिमियमचं चुंबक बसवतं. हे चुंबक १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत शोधलं गेलं. एवढ्याशा तुकड्यात त्याचा जोर प्रचंड, त्यामुळे सत्तर वर्षांचं इंजिन तरुणासारखं पळतं. पण मग ते १९५० सालचं इंजिन राहतं का?

दुसऱ्या टोकाला असे संग्राहक आहेत की ते इंजिनाला हातच लावत नाहीत. मूळ रंग, मूळ कार्बन, मूळ धूळसुद्धा. गाडी डब्यात बंद. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. न चालणारी मोटार म्हणजे न वाचलेलं पुस्तक, आणि आतलं सगळं बदललेली मोटार म्हणजे जुन्या पुठ्ठ्यात बांधलेलं नवं पुस्तक. शहाणे कारागीर मधला रस्ता धरतात. जे उलटवता येईल तेवढंच करायचं. काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून इंजिनासोबत जपायचा. रंग उडाला असेल तर उडालेला राहू द्यायचा. काय केलं ते लिहून ठेवायचं. मामूंच्या वहीचाच हा प्रकार.

आमच्या टँक इंजिनावर तसंच केलं. तार नवी घातली, वेढे तेवढेच. जुनी तार कागदाच्या पुडीत त्याच्या खोक्यात आहे. रविवारी संध्याकाळी बॅटरीची टोकं लावली तेव्हा आधी एक ठिणगी दिसली, मग चाकं फिरली. दुकानात पंप घ्यायला आलेले दोन शेतकरी होते. तेही खाली वाकून बघू लागले.

बंद डब्या

बिन्स रोडचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९५० च्या दशकात ट्राय-अँग नावाची स्वस्त प्लॅस्टिकची, दोन रुळांची गाडी आली. तिचीही मोटार उघडता येणारीच होती. तिच्या कार्बनवरच्या स्प्रिंगच्या एका टोकाला छोटी नळी चढवलेली असते. ती नळी हरवली की मोटार शॉर्ट होते, म्हणून आजचे दुरुस्ती करणारे आधी ती नळी शोधतात. डब्लो धातूच्या अंगाला आणि तिसऱ्या रुळाला फार काळ चिकटून राहिली. १९६४ मध्ये ट्राय-अँगच्या मालकांनी हॉर्नबीची कंपनीच ताब्यात घेतली. डब्लो संपली. बिन्स रोडला मेकॅनो वगैरे खेळणी बनत राहिली. मग ३० नोव्हेंबर १९७९ रोजी कामगारांना अचानक सांगण्यात आलं की कारखाना बंद. सुमारे नऊशे माणसांचं काम एका दिवसात गेलं. निषेध म्हणून कामगार काही महिने कारखान्यात ठाण मांडून बसले, पण तो पुन्हा उघडला नाही. हॉर्नबी हे नाव आजही आहे. गाड्या बनवण्याचं काम १९९० च्या दशकात चीनला गेलं.

आजच्या बहुतेक इंजिनांत मोटार पत्र्याच्या बंद डबीत असते. ती शांत चालते, वीज कमी खाते, हळू गतीतही गचके देत नाही. ती सरस आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती उघडत नाही. बिघडली की अख्खी काढायची, दुसरी बसवायची. आत वेढे किती, कुणी गुंडाळले, हा प्रश्नच उरत नाही.

मोठ्या गाड्यांचंही तेच झालं. मुंबईच्या जुन्या लोकलच्या मोटारींत असेच कम्युटेटर आणि असेच कार्बन होते, आकारानं कितीतरी मोठे. बोरघाटातून मालगाड्या ओढणारी, रेल्वेवाल्यांनी ‘खेकडा’ नाव ठेवलेली इंजिनंही याच मोटारींवर चालत. अशा मोठ्या कम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक घालतात, आणि जगाला ते अभ्रक पुरवण्यात आजच्या झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीहच्या खाणींचा मोठा वाटा होता. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईतली १५०० व्होल्टची व्यवस्था हार्बर मार्गावर संपली आणि सगळीकडे २५,००० व्होल्टची वीज आली. नव्या लोकलच्या मोटारींना कार्बन लागतच नाहीत. कारशेडमध्ये वर्षानुवर्षं कार्बन घासून बसवणाऱ्या हातांना त्या कामाची गरज उरली नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना घेऊन तिथे जरूर जा. गाड्या पळताना पाहून झाल्यावर त्यांना एक प्रश्न मात्र विचारायला सांगा, की या गाड्यांची दुरुस्ती कोण करतं आणि कशी.

खेळण्यातल्या इंजिनाचा इतिहास मला या हातांसाठी महत्त्वाचा वाटतो. कंपन्यांची नावं, तारखा, कोणी कोणाला विकत घेतलं, हे पुस्तकांत सापडेल. तीन पाकळ्यांवर तार किती ताण देऊन ओढायची, हे पुस्तकात सापडत नाही. ते एका माणसाच्या बोटांतून दुसऱ्याच्या बोटांत जातं. मध्ये एक पिढी गळाली की संपतं. आज आपल्या तालुक्याच्या गावांत वाइंडिंगची दुकानं आहेत, तिथे असे हात आहेत. त्यांच्या दुकानावर पाटी असते, पण त्यांच्या हुन्नराची नोंद कुठेच नसते.

तुमच्या घरी माळ्यावर एखादं असं इंजिन असेल तर एवढं करा. ते थेट घरातल्या विजेला लावू नका. रंगवू नका. चाक हातानं फिरतं का पाहा. फिरत नसेल तर जबरदस्ती करू नका, गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे न्या. तो म्हणेल, खेळण्याचं काम आम्ही करत नाही. आग्रह धरा, शेजारी बसा. तो उघडेल, भिंग लावेल आणि मोजू लागेल. तो मोजेल तसं तुम्ही लिहून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)